रबर उजव्या हातात होतं

प्रज्ञा,

ही वही तूच आणून दिली होतीस. किराण्याची यादी लिहून ठेवत जा आई, तोंडी सांगता आणि मी विसरते, असं म्हणाली होतीस. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात जिरं, साबण आणि तुझी कॉफी आहे. पुढची पानं कोरीच राहिली. चौथीनंतर मी पेन धरला तो सहीपुरता, आणि माझं अक्षर तू बघशील याचीसुद्धा मला लाज वाटायची. आता अमोल ऑफिसला गेला की मी दार लोटून घेते आणि थोडं थोडं लिहिते. कोणाला दाखवायचं नाही. तुलाच सांगायचं आहे. खरं म्हणजे तू समोर होतीस तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला होता. रांझी मोहल्ल्यातून लोक आले, तुझ्या सासऱ्यांच्या फॅक्टरीतले जुने लोक आले. आपल्या समाजाची मुलगी, विमान चालवायची, दुसऱ्यांना शिकवायची, असं एकेक जण उठून बोलत होता. मी मान हलवत बसले होते. माझ्या पदराच्या गाठीत तुझं लाल रबर होतं आणि माझं सगळं लक्ष त्या गाठीकडे होतं.

ते रबर मला दवाखान्यात मिळालं. तुला आणलं त्या दुपारी. शेतात विमान उतरवताना चाक बांधाला अडकून तुम्ही उलटलात, एवढंच आम्हाला कळलं होतं. तुझे डोळे मिटलेले होते. नर्सने सुई लावायला तुझा हात उचलला, मनगटावरून रबर काढलं आणि मला विचारलं, "अम्मा, ये फेंक दूँ?" मी नाही म्हटलं आणि हात पुढे केला. उजवा हात होता तुझा. मी पलंगाच्या त्याच बाजूला उभी होते, म्हणून पक्कं सांगते. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तुझी वस्तू आहे, तू उठलीस की मागशील, एवढ्याचसाठी मी ती जपून ठेवली. दोन दिवस तू उठली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी अमोलला बाहेर बोलावलं.

रबराची सवय मूळची माझी. लग्नानंतर तू नवी सून होतीस तेव्हा एकदा विचारलंस, आई, तुम्ही हे भाजीच्या जुडीचं रबर हातात काहून घालता? मी सांगत नव्हते. तू मागेच लागलीस तेव्हा सांगितलं, की एखादं काम राहिलं असेल तर रबर डाव्या हातात ठेवते, झालं की उजव्यात. गॅस बंद करायचा आहे, गच्चीवरचा पंप बंद करायचा आहे, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगायचं आहे. माझ्या डोक्यात राहत नाही, पण हात सांगतो. तू इतकी हसलीस की अमोल आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. म्हणालीस, आई, आमच्याकडे याच्यासाठी छापील कागद असतो, एकेक ओळ वाचायची आणि एकेक काम करायचं.

पण महिन्याभरात तुझ्याच मनगटावर लाल रबर आलं. तूच सांगितलंस, की कागद आहेच, पण तो मांडीवरून घसरतो, आणि शिकणाऱ्या पोरांकडे बघता बघता कितीदा तरी आपलंच लक्ष जातं. मग मला गच्चीवर घेऊन गेलीस. आपल्या दोन टाक्या आणि मधला तो वॉल्व दाखवून म्हणालीस, विमानाचंही असंच आहे. दोन पंख, दोन टाक्या. आपला वॉल्व दोन्हीकडचं पाणी एकदम सोडतो, पण त्या विमानाचा खटका एका वेळी एकाच टाकीतलं पेट्रोल घेतो. अर्धा तास डावीकडचं, अर्धा तास उजवीकडचं, नाहीतर एक बाजू जड होते. मी विचारलं, एक संपू द्यावी आणि मग दुसरी लावावी, तर काय होतं? तू म्हणालीस, टाकी संपली की आपला नळ कसा खोकतो, तसं इंजिन खोकतं आई, आणि तिथे गच्चीवर धावत जाऊन पंप लावायला वेळ नसतो.

तेव्हापासून डावी टाकी चालू असेल तर तुझं रबर डाव्या हातात, उजवी चालू असेल तर उजव्या. घरी आल्यावर चहा पिताना तू ते काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवायचीस. दोन रबरं असायची त्या खिळ्याला, एक तुझं, एक माझं. कोणतं कोणाचं यावरून आपण भांडायचो. आता माझं एकटंच लटकलेलं आहे. मी ते घालत नाही.

तू माझं रबर घेतलंस आणि मला तुझं 'रिपीट' दिलंस.

यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलंच नाही. तुला माझं 'हो' आवडायचं नाही. डॉक्टर काही म्हणाले की मी हां जी, कंडक्टर काही म्हणाला की हां जी. पोस्टात त्या बाईने तीनदा सांगितलं आणि तीनदा मी हां जी म्हणून बाहेर आले, काही कळलं नव्हतं. तू रस्त्यातच थांबलीस. म्हणालीस, आई, तुम्ही न समजता हो म्हणून राहिल्या. मी म्हटलं, माणसासमोर परत परत विचारायला बरं दिसत नाही. तू म्हणालीस, काहून नाही दिसत? विमानात कोणी काही सांगितलं तर नुसतं हो चालत नाही, जे ऐकलं ते परत बोलून दाखवावं लागतं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की समोरच्याला समजलं आहे. त्या दिवसापासून घरात सुरू झालं. कुकरच्या तीन शिट्ट्या, आई, रिपीट करा. इस्त्रीवाल्याकडे पाच कपडे, रिपीट करा. अमोल तर तुम्हा दोघींचं कंट्रोल टॉवर झालं म्हणायचा. मीही हसायची. पण मला तेव्हाच एक गोष्ट माहीत होती, जी तुला माहीत नव्हती.

मी शाळेत चार वर्षं मागच्या बाकावर काढली, प्रज्ञा. बाई समजलं का म्हणून विचारायच्या आणि ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याला सांगावं लागायचं. मला एकच येत होतं. बाईंचे शेवटचे शब्द कानात धरून ठेवायचे आणि तसेच्या तसे म्हणून दाखवायचे. बाई म्हणायच्या, शाब्बास, बस. आत काही गेलेलं नसायचं. ज्याला भीती वाटते त्याला परत म्हणून दाखवणं सगळ्यांत चांगलं जमतं. तू वर्गात पहिली येणारी मुलगी. तुला हे कसं माहीत असणार?

गेल्या हिवाळ्यात तू मला ब्लडप्रेशर दाखवायला घेऊन गेलीस. दोन गोळ्या दिल्या होत्या. बाहेर आल्यावर तू मला औषधाच्या दुकानासमोर उभं करून म्हणालीस, रिपीट. मी म्हटलं, पांढरी सकाळी अर्धी, गुलाबी रात्री पूर्ण. एकही शब्द चुकला नाही. तुझा चेहरा खुलला. घरी आल्यावर अमोलला सांगितलंस, बघ, आईला सगळं येतं, आपणच त्यांना कधी नीट विचारत नाही.

आणि मी आठ दिवस पांढरी सकाळी पूर्ण घेतली, प्रज्ञा. तोंडाने म्हटलं होतं, पण मनात धरलं नव्हतं. ओट्याजवळ डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पडले तेव्हा तू धावत आलीस. मी म्हटलं, फरशी ओली होती. तू म्हणालीस, गोळ्या बरोबर घेता ना? मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, रिपीट करा. मी पुन्हा म्हटलं, पांढरी सकाळी अर्धी, गुलाबी रात्री पूर्ण. म्हणताना कळलं की आठ दिवस काय करत होते. तुझ्या डोळ्यांत बघूनच कळलं. पण तू इतकी निश्चिंत झालीस, फरशी पुसायला लागलीस, आणि मला वाटलं, आता काय सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धी घ्यायला लागले. चक्कर थांबली. गोष्ट संपली असं मी समजले.

तुझ्या शेवटच्या सकाळी तू डबा घेताना म्हणालीस, आई, आज एक पोरगी आहे माझ्याकडे, नेहा नावाची, अगदी तुमच्यासारखी आहे, तोंडातून शब्द निघत नाही. मी म्हटलं, रागावू नको तिला. तू म्हणालीस, रागावल्याशिवाय शिकणार कशी? थोडी घाईत होतीस, गाडीची किल्ली सापडत नव्हती. मला तेव्हा म्हणायचं होतं, की तशी पोरगी असेल तर तिच्या बोलण्यावर जाऊ नको. म्हणजे हे सगळं आज सुचतं आहे. तेव्हा खरंच म्हणायचं होतं की नाही, देव जाणे. आपण देव मानत नाही म्हणून तू लगेच टोकलं असतंस.

मग चौकशीवाले आले. दिल्लीचे एक साहेब होते, सोबत लिहिणारा एक. भले माणूस होते, चपला बाहेर काढल्या. अमोलशी बोलत होते. मी चहा घेऊन दारात उभी राहिले आणि ऐकत होते. डावी टाकी कोरडी निघाली, उजवीत भरपूर पेट्रोल होतं, आणि खटका डावीकडेच होता. म्हणजे पेट्रोल असताना इंजिन उपाशी मेलं. नेहा वाचली, तिचा पाय मोडला होता. तिने सांगितलं होतं की मॅमनी टाकी बदलायला सांगितलं नाही. साहेब अमोलला विचारत होते, त्या रात्री झोप नीट झाली होती का, घरात काही ताण होता का, हल्ली विसराळूपणा वाढला होता का.

प्रत्येक उड्डाणाआधी टाकीत काडी घालून बघणारी तू. काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचं, हे तू मला स्वयंपाकघरातसुद्धा सांगायचीस, तेलाचा डबा उचलून. आणि तुझ्या नावावर विसराळूपणा लिहिला जात होता. माझ्या पदरात रबर होतं. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा जुळलं. रबर उजव्या हातात होतं, म्हणजे तुझ्या हिशोबाने उजवी टाकी चालू होती. म्हणजे तू सांगितलं होतंस. खटका शिकणाऱ्याच्या गुडघ्याजवळ डाव्या बाजूला असतो, तुझ्या बाजूने नीट दिसत नाही, हेही तूच मला सांगितलं होतंस. तू सांगितलंस, तिने म्हणून दाखवलं, आणि तू रबर बदललंस.

साहेबांनी निघताना माझ्याकडे बघितलं. विचारलं, "माताजी, आपको कुछ बताना है?"

मी म्हटलं, नहीं जी.

ट्रे हातात घेऊन म्हटलं. ते गेले, अमोल त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला, आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. एका रबरावरून मोठ्या साहेबांपुढे काय बोलायचं, हसतील, हे एक. दुसरं मी कोणालाच सांगितलं नाही. रबराची गोष्ट निघाली की रिपीटची निघणार, आणि रिपीटची निघाली की माझी. अमोलला संध्याकाळी थोडं सांगून बघितलं, रबर उजव्या हातात होतं म्हणून. तो म्हणाला, "आई, आता काय फायदा? ती येणार आहे का?" आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

मी नेहावर चिडले होते. खोटं कशाला लिहू. दहा-बारा दिवस भाजी चिरतानासुद्धा तिचाच विचार. जिवंत आहे, घरी आहे, आणि मेलेल्या बाईवर ढकलून मोकळी झाली. मनात ठरवलं होतं, कधी समोर आली तर ते रबर तिच्या समोर ठेवायचं आणि काही बोलायचं नाही.

ती परवा आली. पायाला प्लास्टर, दोन्ही काखांत कुबड्या. तिचे वडील ऑटोतच बसून राहिले, आत आले नाहीत. अमोल ऑफिसात होता. केवढीशी आहे ग ती. वेणी घातलेली, तुझ्या फोटोसमोर उभी राहिली तर कुबडीवर हात जोडता येईनात. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कमी बोलणारी आणि ती माझ्यापेक्षाही. तू असतीस तर हसली असतीस. गाठ सोडायला मी पदर हातात घेतला होता, तेवढ्यात तीच बोलली.

"मैम आपकी बहुत बातें करती थीं."

मी विचारलं, काय बोलायची?

नेहा म्हणाली, की मॅम प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी तुमची गोष्ट सांगायच्या. माझी सासू चौथी शिकलेली आहे, दोन प्रकारची औषधं घेते, पण एकदा रिपीट केलं की तिची कधी चूक होत नाही. तिला जमतं तर तुम्हाला काहून नाही जमत? ते 'काहून' तिने तुझ्यासारखंच म्हटलं. मराठी तिला येत नाही, एवढा एकच शब्द तिने तुझ्याकडून उचलला होता.

प्रज्ञा, माझा हात पदरावरच राहिला. तू माझं उदाहरण देत होतीस. मी तुला लपवून ठेवलेली चूक, तू तीच रोज नव्या पोरांना खरी म्हणून शिकवत होतीस. आणि स्वतःही तीच धरून बसली होतीस. फरशी ओली होती हे मी नसतं म्हटलं, तर तुला कळलं असतं की घाबरलेलं माणूस अगदी बरोबर म्हणून दाखवतं आणि चुकीचं करतं. तू एखाद्या वेळी मान वळवून तिच्या गुडघ्याजवळ बघितलं असतंस. कदाचित बघितलं नसतंसही. हे 'कदाचित' मला आता जन्मभर पुरणार आहे.

मी तिला सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, पण सगळं सांगितलं. म्हटलं, बेटा, वो बात सच नहीं है. मैंने रिपीट किया था और आठ दिन गोली ग़लत खाई. गिर गई थी. प्रज्ञा को झूठ बोला कि फर्श गीला था. तिला कितीही वेळ दिला असता तरी ती काही बोलली नसती, म्हणून मी बोलत राहिले. शाळेतलं सांगितलं, बाईंचे शेवटचे शब्द धरून ठेवायचे ते. ती खाली बघत होती. तिच्या कुबडीचं रबरी टोक फरशीवर सरकत होतं.

मग मी रबर काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, ये दाहिने हाथ में था.

तिने ते लगेच ओळखलं. सगळ्या पोरांना माहीत होतं तुझं रबर. ती रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि एका सुरात सांगत गेली, जशी मी बाईंसमोर सांगायची. मॅमनी म्हटलं होतं, उजवी टाकी. ती उंची सांभाळत होती, त्याआधी दोनदा बोलणी खाल्ली होती. हात खाली नेला, खटका घट्ट लागला, फिरला नाही. तेवढ्यात रेडिओवर कोणी बोललं. तिने म्हटलं, राइट टैंक, मैम. मनात होतं, एका मिनिटात करते. तू रबर बदललंस, तिने बघितलं. रबर बदललेलं बघून तिलाही वाटायला लागलं की झालंच आहे.

"फिर इंजन खाँसा. मैम ने पूछा, कौन सी टंकी? और मैंने फिर राइट बोल दिया, आंटी. तब भी मुँह नहीं खुला."

उंची थोडीच उरली होती, तू मग काही विचारलं नाहीस, ती म्हणाली. विमान तुझ्या हातात घेतलंस. विजेच्या तारा चुकवल्यास, गव्हाचं शेत निवडलंस. शेवटी तिला म्हणालीस, सिर नीचे. तिने डोकं खाली घातलं.

तेवढं मात्र तिने म्हणून दाखवलं नाही, केलं.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही असं नाही, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. त्या खुर्चीत चौथीतली मीच बसले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, हे त्या साहेबांना सांगावं लागेल. ती म्हणाली, पापा म्हणतात की लायसन्स मिळणार नाही, केस होईल. मी म्हटलं, होईल. मग तिने विचारलं, "आप चलेंगी?"

मी आणि सिविल लाइन्स! तुझ्यासोबत एकदा त्या बाजूने गेले होते तेव्हा साहेबलोकांच्या बंगल्यांच्या भिंतीसुद्धा नजर वर करून बघितल्या नव्हत्या. पण गेलो. तिचे वडील आमच्यासोबत त्याच ऑटोत होते. साहेब तिथल्या एका जुन्या सरकारी बंगल्यात बसले होते, परत जायची तयारी चालली होती, फायली बांधत होते. नेहा आधी बोलली. मध्येच तिचे वडील उठून व्हरांड्यात गेले. साहेबांनी एकदाही तिला अडवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, पहले क्यों नहीं बताया? ती म्हणाली, डर लगता था. त्यांनी पेन खाली ठेवला.

मग माझी पाळी. मी रबर टेबलावर ठेवलं. साहेब आधी गोंधळले, इसका हम क्या करें माताजी, म्हणाले. नेहानेच त्यांना समजावलं. मग त्यांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, लिखो. मी नर्सचं सांगितलं, सुई लावायला हात उचलल्याचं सांगितलं, मी कोणत्या बाजूला उभी होते ते सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं. ते त्यांनी लिहिलं नाही, त्याची जरूर नाही म्हणाले. त्यांना नसेल.

लिहिणाऱ्याने कागद काढला आणि भराभर वाचून दाखवला. त्यांची ती कागदी हिंदी, वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काही कळत नव्हतं. वाचून झाल्यावर त्याने कागद माझ्याकडे सरकवला, बोटाने जागा दाखवली आणि म्हणाला, "समझ गईं ना? यहाँ साइन कर दीजिए."

माझ्या तोंडात आलंच होतं. हां जी. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआप येतं. सगळे थांबले होते, साहेबांना गाडी पकडायची होती, नेहाचे वडील दारात उभे होते. पेन माझ्या हातात दिलेला होता.

मी म्हटलं, "नहीं समझी, साहब. फिर से पढ़िए. धीरे."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. लिहिणाऱ्याने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान हलवली. त्याने परत वाचलं, एकेक शब्द. आणि मध्ये आलं, मृतका के बाएँ हाथ से, म्हणजे डाव्या.

मी म्हटलं, बाएँ नहीं. दाहिने. तो म्हणाला, अच्छा, हाँ, गलती हो गई, ठीक कर देंगे, आप साइन कीजिए. मी सही केली नाही. त्याने शब्द खोडला, वर लिहिला, म्हणाला, हो गया. 

त्याने 'हो गया' म्हटलं, प्रज्ञा. मी खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले आणि कागदावर बोट ठेवलं. चौथीतल्या पोरीसारखं अक्षर जुळवत वाचलं. द ला काना, हि, ने. बघितलं.

मग सही केली.